देहाचे वजन आणि कामावरची इजा

दिवाळी आटोपली की अकोटच्या बाजारपेठेला वर्षातील खरा बहर येतो. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या तालुक्याच्या गावात कापसाच्या गाड्या येऊ लागतात, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने जोमाने चालू होतात, आणि पुढे तूर-हरभऱ्याची आवक वाढली की अडतीच्या दुकानांत दिवसभर उसंत मिळत नाही. या साऱ्या व्यवहाराचा आधार वजन हा आहे. रुईची गाठ साधारण १७० किलोची, धान्याचा कट्टा ५० किलोचा, सरकी आणि ढेपेची पोती वेगळी. प्रत्येक वजन काट्यावर मोजले जाते, पावतीवर उतरते आणि खातेवहीत नोंदले जाते. मात्र हे वजन उचलणारा हमाल, यंत्राजवळ उभा राहणारा कामगार आणि गादीवर बसून हिशेब लिहिणारा दिवाणजी किंवा मालक यांच्या स्वतःच्या देहाचे वजन कोणत्याही वहीत नसते.

स्थूलता म्हटली की मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांची आठवण होते. कामावर होणाऱ्या इजांशी तिचा संबंध असेल, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पाय घसरला तर फरशी ओली होती असे म्हणतात. पाठ धरली तर ओझे जड होते असे म्हणतात. दोन्ही कारणे खरीच असतात. परंतु त्याच ओल्या फरशीवर एकाला नुसता हिसका बसतो आणि दुसरा महिनाभर अंथरुणावर राहतो, या फरकामागे देहाच्या वजनाचाही वाटा असतो. समाजातील अनेक कुटुंबे व्यापार, जिनिंग, डाळमिल, किराणा व कापड या व्यवसायांत आहेत. त्यांच्या घरी मालकही आहेत आणि नोकरदारही आहेत. त्यामुळे हा विषय दोन्ही बाजूंनी पाहणे आवश्यक आहे: स्वतःच्या देहाचा भार आणि दुसऱ्याच्या पाठीवर ठेवलेला भार.

अभ्यास काय सांगतात

या विषयावरील बहुतेक मोठे अभ्यास अमेरिकेत झाले आहेत, कारण तेथे कामावरील प्रत्येक इजेच्या भरपाईची नोंद काटेकोरपणे ठेवली जाते. ड्यूक विद्यापीठाने आपल्याच ११,७२८ कर्मचाऱ्यांच्या १९९७ ते २००४ या काळातील नोंदी तपासल्या आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यासाठी देहभार निर्देशांक हे माप वापरले. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा निर्देशांक मिळतो; सर्वसाधारणपणे त्याला बीएमआय म्हणतात.

योग्य वजनाच्या १०० पूर्णवेळ कर्मचाऱ्यांमागे वर्षाला सुमारे ५.८ दावे दाखल झाले होते. ज्यांचा निर्देशांक ४० किंवा अधिक होता, त्यांच्यात हे प्रमाण ११.६५ होते, म्हणजे दुप्पट. यापेक्षा गंभीर आकडा बुडालेल्या दिवसांचा आहे. योग्य वजनाच्या गटात १०० कर्मचाऱ्यांमागे सुमारे १४ दिवस बुडाले, तर अतिस्थूल गटात सुमारे १८४ दिवस, म्हणजे जवळजवळ १३ पट. उपचारांचा खर्च सुमारे ७ पट आणि भरपाईची रक्कम सुमारे ११ पट होती. इजांची संख्या दुप्पट असताना बुडालेले दिवस १३ पट का व्हावेत? याचा अर्थ असा की वजन जास्त असलेल्या माणसाला इजा होण्याची शक्यता वाढतेच, पण त्याहून अधिक वाढते ती इजेची तीव्रता आणि भरून येण्यास लागणारा काळ. पाय, मनगट, हात आणि पाठ हे सर्वाधिक त्रास झालेले अवयव होते. पडणे, घसरणे आणि ओझे उचलणे ही प्रमुख कारणे होती.

त्याच वर्षी ॲल्युमिनियमच्या ८ कारखान्यांतील ७,६९० कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वय, कामाचा प्रकार, अनुभव, धूम्रपान अशा इतर बाबींचा परिणाम वजा केल्यावरही अतिस्थूल गटातील इजेची शक्यता दुपटीहून थोडी अधिक आढळली. पाय आणि गुडघा यांच्या इजांत हा फरक विशेष दिसला.

या आकड्यांचा अर्थ लावताना एक खबरदारी घेतली पाहिजे. निर्देशांक ४० म्हणजे १६५ सेंटीमीटर उंचीच्या माणसाचे वजन सुमारे १०९ किलो. ते टोकाचे प्रमाण आहे. ५-१० किलो वजन वाढलेल्या माणसाला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. मात्र टोकाला जे ठळक दिसते, तेच मधल्या टप्प्यावर सौम्य रूपात घडत असते, हे पुढील कारणमीमांसेवरून लक्षात येईल.

इजा होते कशी

पहिले कारण साध्या तरफेच्या नियमात आहे. २० किलोची पेटी कण्यापासून २५ सेंटीमीटर अंतरावर धरली, तर पाठीच्या स्नायूंना एक ठरावीक ताण सोसावा लागतो. तीच पेटी ५० सेंटीमीटरवर धरली की त्या ओझ्याचा ताण दुप्पट होतो. पोट पुढे आलेले असेल तर पेटी छातीशी धरताच येत नाही. ती आपोआप दूर जाते. शिवाय पोटाचा भार स्वतःच कण्याला पुढे ओढत असतो. त्यामुळे काट्यावर दोन माणसांनी सारखेच ओझे उचललेले असते, पण दोघांच्या कण्यांनी सोसलेला भार वेगळा असतो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा संस्थेने ओझे उचलण्यासाठी जे सूत्र १९९१ साली सुधारून मांडले, त्यात सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही, म्हणजे ओझे शरीराजवळ, कमरेच्या उंचीवर आणि दोन्ही हातांत नीट धरलेले असतानाही, कमाल वजन २३ किलो धरले आहे. अंतर वाढले की ही मर्यादा झपाट्याने खाली येते. आपल्याकडील कट्टा ५० किलोचा असतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

दुसरे कारण गुडघ्याचे. गुडघ्याच्या विकारावरील अभ्यासांत असे आढळले आहे की शरीराचे वजन १ किलो कमी झाले, तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोने कमी होतो. दुकानाच्या माळ्यावर दिवसातून २० वेळा चढ-उतर करणाऱ्या नोकराच्या बाबतीत हा हिशेब किती मोठा होतो, याची कल्पना करता येईल. झिजलेला गुडघा ऐन वेळी दगा देतो आणि शिडीवरून पडण्याचे ते एक कारण ठरते.

तिसरे कारण झोपेचे आहे. मानेभोवती आणि घशात मेद साचला की झोपेत श्वास पुनःपुन्हा अडतो. माणूस मोठ्याने घोरतो, सगळ्यांना तो गाढ झोपलेला वाटतो. प्रत्यक्षात त्याची झोप रात्रभर मोडत असते. दुसऱ्या दिवशी यंत्रासमोर किंवा ट्रक चालवताना त्याला डुलकी लागते. जिनिंगच्या हंगामातील रात्रपाळी आणि ही तुटक झोप एकत्र आली की धोका दुणावतो.

चौथे कारण वऱ्हाडच्या उन्हाळ्याचे. अकोला जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास आणि कधी त्याच्याही वर जातो. शरीराला आतली उष्णता बाहेर टाकावी लागते. मेदाचा थर त्यात अडथळा आणतो आणि जड देह हलवताना उष्णताही अधिक निर्माण होते. म्हणून पत्र्याच्या शेडखाली काम करणाऱ्या स्थूल माणसाला उष्माघाताची भीती अधिक असते. चक्कर येऊन पडणे ही त्याची पहिली पायरी आहे.

पाचवे कारण मधुमेहाच्या वाटेने येते. स्थूलतेबरोबर आलेल्या मधुमेहाने पायांची संवेदना कमी होते. चपलेतून खिळा रुतला तरी कळत नाही, जखम लवकर भरत नाही, आणि दोन दिवसांची किरकोळ इजा दोन महिन्यांचे दुखणे होऊन बसते.

शेवटी साधनांचा प्रश्न. उंचीवर काम करताना बांधावयाच्या सुरक्षापट्ट्यांची चाचणी सामान्यतः १०० किलो वजन धरून केली जाते. घडीच्या शिड्या, प्लास्टिकची स्टुले यांनाही भारमर्यादा असते, पण ती कोणी वाचत नाही. हातात २० किलोचे खोके घेऊन ९० किलोचा माणूस स्टुलावर चढतो, तेव्हा त्या स्टुलावर ११० किलो भार पडतो.

बारीक दिसणारा देह

येथे काही वाचकांना वाटेल की हा विषय अमेरिकेतील धिप्पाड माणसांचा आहे. आपल्याकडची माणसे अंगाने लहान असतात. या समजुतीला उत्तर पुण्यातूनच मिळाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचा देहभार निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता. परंतु तपासणीत युडकिन यांच्या शरीरातील मेदाचे प्रमाण ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरातील २१.२ टक्के आढळले. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांच्या छायाचित्रासह ही तुलना प्रसिद्ध झाली आणि भारतीय माणूस बारीक दिसूनही आत मेद बाळगतो, ही गोष्ट जगापुढे आली.

म्हणूनच भारतीयांसाठी मर्यादा कडक ठेवल्या आहेत. निर्देशांक २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर गेला की स्थूलता, असे भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये सुचवले. १६५ सेंटीमीटर उंचीला हे वजन अनुक्रमे सुमारे ६२.५ आणि ६८ किलो येते. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरपेक्षा अधिक नसावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निर्देशांक २५ किंवा त्याहून अधिक असलेल्या स्त्रिया २४ टक्के आणि पुरुष २२.९ टक्के आढळले. पण कमर आणि नितंब यांच्या घेराचे धोकादायक गुणोत्तर मात्र ५६.७ टक्के स्त्रियांत आणि ४७.७ टक्के पुरुषांत दिसले. म्हणजे वजनकाट्यावर जे सुटले, त्यांतील अनेकजण मोजपट्टीवर सापडले. स्नायू कमी आणि पोट अधिक, अशा देहाला ओझे उचलताना दोन्हीकडून तोटा होतो: उचलण्याची शक्ती कमी आणि कण्यावरचा ताण जास्त.

गादी आणि गोणी

व्यवसायाचा वजनावर काय परिणाम होतो, याचा एक महत्त्वाचा अभ्यास भारतातच झाला. पश्चिम बंगालमधील तागाच्या गिरणीतील २१३ पुरुषांचा आहार, वजन आणि कामाचा प्रकार यांची पाहणी करून ज्याँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली निष्कर्ष मांडले. मध्यम व जड काम करणाऱ्यांत जितके श्रम अधिक तितका आहार अधिक, असे सरळ प्रमाण दिसले आणि वजन फारसे वाढलेले नव्हते. परंतु दिवसभर बसून असलेले देखरेखवाले आणि दुकानमांडीवाले यांचा आहार कमी न होता जड श्रम करणाऱ्यांच्या बरोबरीला गेला होता आणि वजन सर्वांत अधिक होते. श्रम एका मर्यादेखाली गेले की भूक त्या प्रमाणात कमी होत नाही, असा त्याचा अर्थ. त्याच दशकात लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील कर्मचाऱ्यांवर डॉ. जेरी मॉरिस यांनी केलेला अभ्यासही प्रसिद्ध आहे. दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांपेक्षा बसून गाडी चालवणाऱ्या चालकांत हृदयविकार अधिक होता, आणि चालकांच्या गणवेशाच्या विजारी कमरेला अधिक रुंद होत्या.

अकोटच्या अडतीवर हे दोन्ही प्रकार दहा-पंधरा फुटांच्या अंतरावर एकत्र दिसतात. गादीवर लोड-तक्क्याला टेकून बसलेला एक वर्ग आणि दारात गोणी वाहणारा दुसरा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,११० कॅलरी पुरतात, तर जड श्रम करणाऱ्याला ३,४७० लागतात. दोघांच्या गरजेत १,३६० कॅलरींचे अंतर आहे. पण चहा, कचोरी, आलुबोंडा आणि फरसाणाची प्लेट गादीवरच आधी पोहोचते.

हा हिशेब जमा-खर्चाच्या भाषेत मांडला तर सहज समजतो. रोज गरजेपेक्षा १०० कॅलरी अधिक घेतल्या, म्हणजे साधारण ११ ग्रॅम तूप अधिक खाल्ले, तर वर्षाला ३६,५०० कॅलरी शिल्लक पडतात. १ किलो मेद म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. कागदावर ही शिल्लक ४ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास येते. शरीर आपला खर्च थोडा वाढवत असल्याने प्रत्यक्ष वाढ याहून कमी होते. तरी ठेव वाढतच जाते आणि तिचे व्याज गुडघ्यांना व कण्याला भरावे लागते.

दोष कोणाच्या माथी

या साऱ्या माहितीचा एक गैरवापर होऊ शकतो. एखादा कामगार पडला की ‘तो जाडच आहे’ असे म्हणून मालकाने हात झटकणे सोपे होते. हे शास्त्राला धरून नाही आणि न्यायालाही धरून नाही. स्थूलता हे इजेचे एकमेव कारण कधीच नसते. ओली फरशी, अपुरा उजेड, झाकण नसलेला पट्टा, बारा तासांची पाळी ही कारणे तिच्याआधी येतात. दीर्घ पाळ्या, रात्रीचे जागरण आणि स्वस्त तळलेले खाणे यांनी वजन वाढते, हेही खरे आहे. त्या अर्थी कामाची जागाच कधी कधी स्थूलता घडवते आणि मग त्याच स्थूलतेची शिक्षा कामगाराला भोगावी लागते.

कायद्यानेही हीच दृष्टी ठेवली. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात मालकाची जबाबदारी टळण्याची मोजकी कारणे सांगितली होती: कामगार नशेत असणे, सुरक्षेचा नियम त्याने जाणूनबुजून मोडणे, संरक्षक साधन हेतुपुरस्सर काढून टाकणे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल, तर या कारणांचाही आधार मालकाला घेता येत नाही, अशी तरतूद पुढे झाली. कामगाराचे वजन जास्त होते, हे कारण त्या यादीत कधीच नव्हते. १९४८ च्या कारखाना कायद्याने इजा होईल इतके जड ओझे कोणाकडूनही उचलून घेऊ नये, असे तत्त्व घालून दिले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो ही कमाल मर्यादा सांगितली. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, तो देशात पथदर्शक ठरला. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने हमालांच्या पोटाचा विचार करून ‘कष्टाची भाकर’ हे स्वस्त व सकस जेवणाचे केंद्र सुरू केले. ओझे वाहणाऱ्याच्या ताटाची काळजी हा कामगारहिताचा भाग आहे, हे त्यातून दिसले.

आगमांतील तीन शब्द

जैन परंपरेत या विषयाची दोन्ही अंगे फार पूर्वी सांगितलेली आहेत, याचा विसर पडू नये.

पहिला शब्द ऊनोदरी किंवा अवमौदर्य. सहा बाह्य तपांत अनशनानंतर लगेच त्याचे स्थान आहे. पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घास आणि स्त्रीचा २८ घास मानून त्याहून एक घास कमी घेतला तरी ऊनोदरी होते, असे परंपरा सांगते. उपवास वर्षातून काही दिवस होतो; ऊनोदरी रोज दोनदा करता येते. वजनाच्या दृष्टीने ती अधिक फलदायी आहे. अलीकडे नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांचा दोनच वेळा जेवण्याचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचवला. बियासणा आणि चौविहार पाळणाऱ्या श्रावकाला त्यात फारसे नवे वाटणार नाही. मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी असा बदल वैद्यकीय सल्ल्यानेच करावा, आणि जड श्रम करणाऱ्याला उपाशीपोटी ओझे उचलावयास लावू नये.

दुसरा शब्द अतिभारारोपण. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत चौथा अतिचार म्हणजे शक्तीबाहेर भार लादणे, आणि पाचवा म्हणजे अन्नपाणी अडवणे. बैलाच्या पाठीवरील ओझे डोळ्यांपुढे ठेवून हा अतिचार सहसा समजावून सांगितला जातो, पण तो माणसालाही तितकाच लागू आहे. प्रतिक्रमणात या अतिचारांची आलोचना करणाऱ्या व्यापाऱ्याने आपल्या वखारीत ८० किलोचे पोते एकाच पाठीवर दिले जाते काय, मे महिन्यात पाणी पिण्यासाठी हमालाला थांबता येते काय, हे पाहणे क्रमप्राप्त आहे. ज्याचे वय, वजन किंवा गुडघा साथ देत नाही, त्याला नेहमीचेच ओझे देणे हाही अतिभार होतो; भाराची मर्यादा वाहणाऱ्याच्या शक्तीवरून ठरते.

तिसरा शब्द आदान-निक्षेपण समिती. वस्तू उचलताना आणि ठेवताना सावधानता बाळगणे, हा साधूंच्या आचाराचा भाग आहे. त्याचा हेतू सूक्ष्म जीवांचे रक्षण हा आहे. परंतु उचलण्याआधी पाहणे, घाई न करणे, वस्तू हळू ठेवणे या सवयी वखारीतही पाठीचे आणि पायाच्या बोटांचे रक्षण करतात. प्रमादाने होणारी हानी ही हिंसा आहे, हे मान्य केले की झाकण न बसवलेला पट्टा चालू ठेवणे कोणत्या सदरात मोडते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पर्वतिथीचे ताट

समाजातील आहाराबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. कंदमूळ वर्ज्य, रात्रिभोजन वर्ज्य, मद्य-मांस नाही, त्यामुळे आपला आहार आपोआप हितकर आहे, असे अनेकजण मानतात. पर्वतिथीला हिरवी भाजी टळते आणि तिच्या जागी पापडाची भाजी, गट्टे, तळलेली कडधान्ये, फरसाण आणि खाकऱ्यावर तूप येते. उपवासानंतरचे पारणे मिष्टान्नाने भरते. स्वामिवात्सल्यात आग्रह हा सन्मान समजला जातो. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकताना दुकान बंद करून आलेला माणूस दहा मिनिटांत दोन जेवणांइतके जेवतो. यांतील कोणतीही गोष्ट शास्त्राने सांगितलेली नाही. उलट रसपरित्याग, म्हणजे दूध, दही, तूप, तेल, गोड अशा रसांचा त्याग, हेही सहा बाह्य तपांपैकीच एक आहे. तिथीला तळण वगळून मुगाचे वरण, ज्वारीची भाकरी आणि ताक घेतले तर तिथीही पाळली जाते आणि देहही हलका राहतो.

घरातील स्त्रीचे कामही कामच आहे. पाण्याची कळशी, धान्याचे डबे, उंच फळीवरचे भांडे यांमुळे होणाऱ्या इजांची भरपाई कोणताही कायदा देत नाही. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या दीर्घकालीन अभ्यासात सुमारे ५ किलो वजन कमी झालेल्या स्त्रियांत गुडघ्याच्या झिजेचा धोका निम्म्याहून अधिक घटलेला आढळला. हा लाभ घरातील प्रत्येक सासू-सुनेला मिळू शकतो.

दुकानात आणि कारखान्यात काय करता येईल

मोठ्या खर्चाची गरज नाही. धान्य व ढेप शक्यतो ५० किलोहून अधिक वजनाच्या पोत्यात भरू नये आणि जेथे लहान पोते चालते तेथे ते ३० किलोचे करावे. ५० किलोचे पोते दोघांनी उचलावे किंवा हातगाडी वापरावी. जड माल कमरेच्या उंचीवर आणि हलका माल माळ्यावर ठेवावा. बहुतेक दुकानांत याच्या उलट असते. शिडी व स्टूल विकत घेताना भारमर्यादा पाहावी. गादीवर बसणाऱ्यांनी दर तासाला उठून पाच मिनिटे वखारीत फेरी मारावी. त्यात मालावर देखरेखही होते. दुपारच्या कचोरीऐवजी फुटाणे, शेंगदाणे व ताक ठेवावे आणि ते गादीला व हमालाला सारखेच मिळावे. उन्हाळ्यात जड कामे सकाळी ११ च्या आत उरकावीत. मोठ्याने घोरणाऱ्या आणि दिवसा डुलकी घेणाऱ्या चालकाला वैद्यकीय तपासणीनंतरच रात्रीच्या फेरीवर पाठवावे.

वर्षातून एकदा सर्वांची उंची, वजन, कंबर, रक्तदाब व साखर तपासावी. मालकाने आपले नाव त्या यादीत पहिले ठेवावे. ही माहिती ज्याची त्याच्याजवळ राहावी. तिच्या आधारे कोणाला कामावरून काढू नये आणि कोणाच्या पोटावरून विनोद करू नये. भाषा समिती तेथेही लागू आहे.

आणखी एक नोंद ठेवणे अत्यंत उपयुक्त ठरेल. महावीर निर्वाणाच्या दिवशी नव्या वहीचे पूजन होते. त्या वहीतील एक पान इजांसाठी राखावे: तारीख, वेळ, काम, जागा, इजा, बुडालेले दिवस. उपचाराचा खर्च डोळ्यांना दिसतो. अडलेले काम, नव्या माणसाचे शिकणे, चुकलेली गाडी आणि घरच्यांची ओढाताण हा छुपा खर्च त्याहून बराच मोठा असतो. वर्षअखेरीस ते पान वाचले की बहुतेक इजा त्याच दोन-तीन जागी, त्याच वेळी आणि त्याच कामात होतात, असे आढळेल. मग उपाय कोठे करावा, हे बाहेरच्या कोणी सांगण्याची गरज उरणार नाही.

येत्या चातुर्मासात ज्यांना मोठे तप झेपत नाही, त्यांनी दोन छोटे नियम घ्यावेत. जेवताना शेवटची पोळी परत करावी आणि आपल्या दुकानात कोणाच्याही पाठीवर त्याच्या शक्तीबाहेरचे ओझे देऊ नये. पहिल्या नियमाने स्वतःचा भार हलका होईल, दुसऱ्याने शेजाऱ्याचा.